दोघांची साखर

शुक्रवार पेठेतल्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत गुरुवारचा मधुमेह वर्ग भरला होता आणि आज चक्क सत्कार होता. सात महिने सकाळची साखर एकशे दहाच्या पुढं जाऊ दिली नाही म्हणून जोतीरामांना टॉवेल, टोपी, नारळ! रेल्वेतून रिटायर होतानाही एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. वैजयंती सिस्टरांनी त्यांच्या वहीतले आकडे वर्गाला वाचून दाखवले. मागच्या रांगेत त्यांच्या बायकोचा, मथुराबाईंचा, ऊर भरून आला.

खरं तर अर्धा नारळ त्यांचाच होता. सुईला भिणाऱ्या नवऱ्याला धीर यावा म्हणून रोज सकाळी त्यांच्या पाठोपाठ त्याही आपलं बोट टोचून घेत. त्यांना साखर नव्हती, तरी चहा बिनसाखरेचा झाला तो दोघांचा. आकडे त्यांना वाचता येत नसत. जोतीराम मशीन बघून सांगायचे, "दोगांची बी शंभराच्या आसपास हाय," आणि वहीत लिहायचे.

"आता काकांच्याच मशीनवर एक गंमत दाखवते," सिस्टर म्हणाल्या. "जुने आकडे यात तारीख-वेळेसकट राहतात."

"ऱ्हाऊ द्या की, सिस्टर. सेल उतरलाय त्याचा," जोतीराम घाईनं म्हणाले.

सिस्टरांनी बटण दाबलंही होतं. "आज सकाळी सहा बाराला शहाण्णव. वा! आणि सहा दहाला..." त्या अडखळल्या. "दोनशे एक्क्याण्णव?"

त्यांनी मागचे दिवस पाहिले. रोज दोन आकडे, आधी मोठा, मग लहान. वहीत मात्र सगळे लहान.

"काका, हे मोठे आकडे कुणाचे?"

जोतीरामांनी सत्काराची टोपी नीट केली. "हिचे. चोरून गोड खाती. चारचौगांत कशाला बोलायचं म्हनून गप हुतो."

सगळ्या माना मागं वळल्या. मथुराबाई घाबरल्या. आपल्यालाही साखर झाली की काय? नवरा खोटं बोलेल हे अजूनही त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. त्या तरातरा पुढं गेल्या आणि सिस्टरांसमोर बोट धरलं.

एकशे चार.

"काकू, तुम्हाला साखर नाही," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "सकाळी आधी कोण टोचतं?"

"ह्ये."

म्हणजे वहीत सात महिने मथुराबाईंचंच रक्त होतं. महिनाभर त्या नवऱ्याच्या बधिर पायांना तेल चोळत होत्या. साखर तर ताब्यात आहे, मग पायांना मुंग्या कशानं येतात, हे त्यांना उमगत नव्हतं. आता उमगलं. आणि वर हा माणूस भरल्या वर्गात त्यांनाच चोर म्हणाला होता! त्यांना भयंकर संताप आला.

"काका, बूट काढा, मला पाय बघू द्या," सिस्टर म्हणाल्या.

जोतीराम खाली वाकले. बायकोकडं न बघताच पुटपुटले, "तुला घोर लागू नये म्हनून केलं गं."

"न्हाय लागला की," मथुराबाई म्हणाल्या. "सात म्हैनं लई निवांत झोपले मी."