मधोमध खांब

“खांब कुठंय?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“कसला खांब, आत्याबाई?”

“दुकानातला. मधोमध पाहिजे.”

आशानं डिंकाची बाटली खाली ठेवली. संध्याकाळी महालक्ष्म्या यायच्या होत्या आणि त्यांच्यापुढं मांडायचं हे एवढंसं खेळण्यातलं दुकान अजून पुरं होत नव्हतं. ती सजवायची, सासूबाई मोडायच्या. आठवडाभर हेच चाललं होतं.

“दुकानात मधोमध खांब कोण ठेवतं?”

“ठेवीत नसतेत. असतो,” म्हणून द्वारकाबाई मेथी निवडायला गेल्या.

आशा रुखवताचं सामान करायची. लोकरीच्या बाहुल्या, मण्यांची तोरणं, सजवलेले नारळ. सगळा पसारा पलंगाखाली. पाहुणे आले की पलंगाखालचं पलंगावर आणि पलंगावरचं माळ्यावर. सिडकोतल्या निम्म्या लग्नांत तिचं रुखवत मांडलेलं असे, पण बायकांना बसवून दाखवायला तिच्याकडं हातभर जागा नव्हती.

म्हणून तिनं पोळ्याच्या दिवशी धीर करून सासऱ्यांकडं समोरची खोली मागितली. ती लग्न होऊन आली तेव्हापासून त्या खोलीत औषधवाल्या भाडेकरूचे खोके छताला टेकलेले. आत पाऊल टाकायला वाव नव्हता. आता तो सोडून गेला होता आणि दाराला कुलूप होतं.

“घरातल्या सुनेनं दुकान मांडून बसायचं?” तात्यासाहेब म्हणाले. “नाय जमायचं. दसऱ्यापासून क्लासवाल्याला कबूल केलीय मी.”

नवरा, रामकिसन, शेंद्र्याला कंपनीत होता. घरात वादाचा विषय निघाला की त्याची नेमकी शिफ्ट असे. आणि द्वारकाबाई? त्या डाळ निवडत राहिल्या. हूं नाही की चूं नाही. आशाला सासऱ्यांच्या नकारापेक्षा ते गप्प बसणं जास्त लागलं.

आणि वर दुसऱ्याच दिवशी म्हणतात कशा, “यंदा आरास दुकानाची कर. तुझ्या रुखवताच्या दुकानाची.” जखमेवर मीठ चोळायलासुद्धा काही धरबंद असावा!

तरी तिनं मन लावून केलं. प्लायवूडचा खोका, काडेपेट्यांचे खण, आइस्क्रीमच्या काड्यांचं कपाट, शेजारच्या सगीराभाभींनी दिलेल्या हिमरू कापडाच्या चिंध्यांचे गठ्ठे. बोटभर बाहुल्या, नखाएवढी तोरणं. बघणारा हरखून जावा असं.

द्वारकाबाई हरखल्या नाहीत. “काउंटर उजवीकडं नको. दार आत उघडतं, धडकल.”

“याला दारच नाही, आत्याबाई.”

“खिडकी डावीकडं घे. आन म्हाताऱ्या बायांना टेकायला बाकडं कुठंय?”

बोटभर बाहुल्यांच्या दुकानात कोणत्या म्हाताऱ्या बाया टेकणार होत्या, देव जाणे. आशानं बाकडं केलं. खिडकी फिरवली. काउंटर उपटला तेव्हा त्याखालचा हिमरूचा तुकडा टरकन फाटला आणि तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं. आणि आता हा खांब! तिनं दोऱ्याची दोन रिकामी रिळं एकावर एक चिकटवून दुकानाच्या मधोमध ठोकून बसवली. सगळी शोभा गेली.

“घ्या तुमचा खांब!”

द्वारकाबाईंनी वाकून पाहिलं. खांबाच्या दोन्ही बाजूंनी बोट फिरवलं. “माणूस जातंय,” एवढंच म्हणाल्या. आशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सणाचा दिवस; तिनं डिंकाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

ऊन उतरलं. या घरात महालक्ष्मी आत घेताना खोली-खोलीत थांबायची रीत होती. तात्यासाहेब पुढं ताट वाजवत विचारणार, मुखवटे घेतलेल्या द्वारकाबाई उत्तर देणार. आणि लक्ष्मीला सांगितलेलं खोटं ठरता कामा नये, हा तात्यासाहेबांचाच दंडक. एके वर्षी रिकाम्या कणगीपाशी “उदंड धान्य” बोललं गेलं, तर ते तसेच उठून जाधववाडीच्या मोंढ्यातून गव्हाचं पोतं घेऊन आले होते.

तुळशीपासून निघाले. तात्यासाहेब ताट वाजवत पुढं, आशा वाकून कुंकवाची पावलं काढत मधे, मुखवट्यांचं तबक घेऊन द्वारकाबाई मागं.

“इथं काय?”

“दूधदुभतं.”

“इथं काय?”

“लेकराबाळांची झोप.”

शेवटी व्हरांडा आला. समोरची कुलूपबंद खोली ओलांडून तात्यासाहेब पुढं गेले. मागं पावलं वाजेनात म्हणून वळले. द्वारकाबाई त्या दारापाशी उभ्या होत्या.

“आशा, माझ्या कमरेची किल्ली काढ. उघड.”

आशानं कुंकवाच्या हातानं कुलूप काढलं. दार आत उघडलं, उजवीकडच्या भिंतीला धडकलं. डावीकडं एक खिडकी. आणि खोलीच्या मधोमध, वरचा मजला चढवताना घातलेला, चांगला जाडजूड खांब.

आशा उंबऱ्यातच थांबली. तिला एकदम सगळं कळलं.

“अगं, ही क्लासवाल्याला...” तात्यासाहेब पुटपुटले.

“लक्ष्मी दारात हुबी हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “विचारा.”

तात्यासाहेबांनी मुखवट्यांकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. लक्ष्मीला दारात ताटकळत ठेवायची त्यांची छाती नव्हती. ताट एकदा वाजलं, तेही हळूच.

“इथं काय?”

“इथं आमच्या आशाचं दुकान,” द्वारकाबाईंनी खणखणीत सांगितलं. मग सुनेकडं वळल्या. “बघत काय बसलीस? काढ पावलं. खांबाला वळसा घालून काढ.”