परक्या तीन पुंगळ्या

"ह्या तीन सुदेशशेटच्या पिस्तुलाच्या नाय," मालन म्हणाली आणि तिने परातीतल्या तीन पुंगळ्या वेगळ्या काढून ठेवल्या.

कोलशेतच्या त्या क्लबात रविवारची नेमबाजी आटपली की मालन टेबलाशी बसायची. झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या परातीत ओतायच्या, चिरलेल्या, चेपलेल्या बाजूला टाकायच्या, चांगल्या ज्याच्या त्याच्या डब्यात घालायच्या. त्या पुन्हा भरून वापरतात, आणि ज्या पिस्तुलातून उडाली त्यातच पुंगळी नीट बसते. म्हणून निवड चोख लागते. तांदूळ निवडत मोठी झालेली बाई ती, तिला ह्यात काय कठीण? सहा वर्षं हेच करत होती.

आज सुदेशने पन्नास गोळ्या नेलेल्या आणि पन्नास पुंगळ्या परत आणलेल्या. जमाखर्च जुळला होता. रेंज सांभाळणारी शिवानी नोंदवहीत सही करायला पेन उघडून बसली होती, आणि ऐन वेळी ही असं बोलली. तीन पुंगळ्या दुसऱ्याच्या, तर सुदेशच्या तीन जिवंत गोळ्या गेल्या कुठे?

"मालन, उगीच काहीतरी बोलू नकोस," क्लबचे सेक्रेटरी बाळकाका म्हणाले. "संख्या भरली आहे ना? शिवानी, तू सही कर."

शिवानीने सही केली नाही. पण तिने मालनकडेही जरा तिरकंच पाहिलं. मार्चमध्ये पुंगळ्यांचा एक अख्खा डबा गायब झालेला. पितळ भंगारात चटकन खपतं, आणि क्लबात पुंगळ्यांना हात लावणारी गरीब बाई एकटी मालनच. तोंडावर तिला कुणी चोर म्हटलं नाही, पण तेव्हापासून वॉचमन दर वेळी तिची पिशवी उघडून बघायचा. फार लागलं होतं तिला ते. आज तिचं बोलणं खोटं ठरलं असतं तर काम गेलंच असतं, वर चोर हे नाव कायमचं चिकटलं असतं. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तरी ती बोलली.

सुदेश हसला. क्लबाला नवं छप्पर त्यानेच घालून दिलेलं, त्यामुळे तिथे तो जरा पाय पसरूनच बसायचा.

"मावशी, पितळ ते पितळ. सगळ्या सेम टू सेम असतात. ओळखून दाखवतेस? चल, होऊनच जाऊ दे. काका, कपाटाची किल्ली द्या."

"अरे, राहू दे सुदेश. कशाला वेळ घालवतोस?"

"दोन मिनिटांचं काम आहे काका. टेन्शन कसलं घेताय?"

कपाटाची किल्ली एकच, आणि ती काकांच्याच खिशात असायची. ती काढायला त्यांना बराच वेळ लागला. पंखा डोक्यावर गरगरत होता तरी त्यांनी रुमालाने मान पुसली. शिवानीने ते पाहिलं.

सुदेशने हाताला लागले ते चार डबे काढले, प्रत्येकातून मूठमूठ पुंगळ्या परातीत टाकल्या आणि भेळ कालवावी तशा कालवल्या.

मालनने पदराला हात पुसले. एकेक पुंगळी उलटी करून ती बूड बघायची. पिस्तुलाची पिन तिथे आपटते आणि बारीकसा खड्डा पाडते. एकाचा खड्डा डावीकडे सरकलेला, एकाचा खोल. सुदेशचा बारीक, मोहरीएवढा. चौथ्याच्या खड्ड्याला शेपटी. तिचे हात भराभर चालत होते. चार ढीग झाले. शिवानीने भिंग घेऊन चारही ढीग तपासले. एकही पुंगळी चुकली नव्हती.

सुदेशचं हसू केव्हाच मावळलं होतं.

मग मालनने त्या बाजूला ठेवलेल्या तीन पुंगळ्या उचलल्या आणि शेपटीवाल्या ढिगाशेजारी ठेवल्या.

"ह्या इकडच्या," ती म्हणाली.

शिवानीने तिन्ही भिंगाखाली धरल्या. तिन्हींना शेपटी होती. तिने चौथा डबा फिरवून चिठ्ठी वाचली. सुंदर, वळणदार अक्षरात बाळकाकांचं स्वतःचंच नाव होतं.

"माझं पिस्तूल तर दिवाळीपासून मी बाहेरसुद्धा काढलेलं नाही," काका घाईने म्हणाले.

"पण कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते ना," शिवानी म्हणाली. "सुदेश, तीन गोळ्या कुठेयत?"

सुदेश काकांकडे बघत राहिला, तुम्हीच काय ते सांगा अशा नजरेने.

शिवानीने पेनाला टोपण लावलं, फोन जवळ ओढला. "मार्चमधला डबाही ह्याच कपाटातून गेला होता ना, काका?"

मालनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, दोन्ही हात ढिगांभोवती आडवे धरलेले होते. रागही आला होता तिला, सहा महिन्यांचा साठलेला.

बाळकाका खुर्चीत टेकले.

"मालनबाई," ते म्हणाले, "जरा पाणी देता का?"

सहा वर्षांत त्यांनी तिला कधी बाई म्हटलं नव्हतं. मालन जागची हलली नाही. दोन्ही हातांचा आडोसा तिने ढिगांभोवती तसाच धरून ठेवला.

"पाणी शिवानी मॅडम देतील," ती म्हणाली. "मी उठले तर हे ढीग मिसळतील."