लाइट गेली तरी

क्लबच्या हॉलमध्ये भर गर्दीत चिऊने स्कोअरबोर्डची पिन खेचून काढली आणि परत खोचली. फळ्यावर सात-तीन होतं, ते सात-तीनच राहिलं. "बघा डॉक्टर," ती म्हणाली, "यंदा लाइट गेली तरी भांडण नाही."

दातांचे डॉक्टर हसले. मागच्या वर्षी बॅडमिंटनच्या फायनलला ते चिऊच्या बाबांच्या बरेच पुढे होते. ऐन वेळी लाइट गेली, आली, आणि चिऊने बनवलेला फळा शून्य-शून्य दाखवायला लागला. स्कोअरवरून हमरीतुमरी झाली, शेवटी गेम पहिल्यापासून खेळवला. कप बाबांनी नेला आणि नाक कापलं गेलं चिऊचं. म्हणे इंजिनिअर!

चूक साधीच होती. चिपमधल्या ज्या मेमरीत तिने स्कोअर ठेवला होता, ती वीज गेली की सगळं विसरते. वर चालू होताना प्रोग्राम तिथे आधी शून्य लिहितो. यंदा तिने स्कोअर वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत हलवला. आता शून्य फक्त पंचांनी बटण दाबलं तरच. पहिल्या चाचणीत फळ्यावर दोनशे पंचावन्न उमटले, कारण त्या मेमरीतली कोरी जागा शून्य नसते. ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, बॅडमिंटन आहे की क्रिकेट? घरी मात्र तिने चकार शब्द काढला नव्हता. आज सगळ्यांदेखत उट्टं काढायचं होतं.

आई-बाबा आले आणि फायनल सुरू झाली. शेवटच्या गेममध्ये बाबा बारा, डॉक्टर एकोणीस. बाबांचे गुडघे बोलायला लागले होते. आई चिऊच्या शेजारून उठली, पाणी पिऊन येते म्हणाली. बाबा मागे पडले की तिला बघवत नाही, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. पाण्याचं पिंप बाहेरच्या बोळात, मीटरच्या खाली होतं.

आणि लाइट गेली. समोरच्या बेकरीत उजेड होता, हॉलमध्ये मिट्ट काळोख. कोणीतरी म्हणालं, झालं, आता पुन्हा पहिल्यापासून. चिऊ मात्र निवांत बसून होती.

लाइट आली. फळ्यावर बारा-एकोणीस.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. डॉक्टरांनी उरलेले दोन पॉइंट काढले आणि कप उचलला. बाबांसाठी चिऊला वाईट वाटलं, पण मान ताठ झाली ती झालीच.

बोटांची धूळ रुमालाला पुसत आई आत आली. फळ्याकडे बघत उभी राहिली, मग शेजारी बसली.

"मागच्या वर्षी चांगला चालला होता की," ती हळूच म्हणाली. "तुला कोणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?"