हातावरचं वजन

चौथी डिस्क लावली आणि कॉम्प्युटर पुन्हा ठप्प झाला.

रदवानं कपाळाला हात लावला. काउंटरपलीकडे नशात नावाचं गिऱ्हाईक उभं होतं. लग्नांचे व्हिडिओ काढायचा धंदा त्याचा, त्याला चार डिस्क एकदम जोडून हव्या होत्या. म्हणून तिनं सकाळीच आत जादा यूएसबीचं कार्ड बसवलं होतं. कार्ड खाचेत घट्ट बसलं होतं. मदरबोर्डकडून येणारी वीज चौघींना पुरत नाही, म्हणून पॉवर सप्लायची एक वायर थेट कार्डालाही जोडली होती. तीन डिस्क मजेत चालायच्या. चौथी लावली की सगळंच बंद.

"इंजिनीअरबाई, मशीन तुम्हीच बांधलंय ना? दोन महिने झाले नाहीत अजून," नशात म्हणाला. "संध्याकाळी लग्न आहे माझं."

"तुझं?"

"माझं कसलं! माझं होऊन भोगून झालंय. गिऱ्हाइकाचं." तो हसला, पण घड्याळाकडे बघूनच. "कॉफी पिऊन येतो. तेवढ्यात बघा काहीतरी, नाहीतर मी उचलून नेतो दुसरीकडे."

तो गेला. दाराशी स्टुलावर बसलेले उस्ताद मिदहत तुरमुसाच्या खारवलेल्या दाण्यांची सालं काढत होते. समोरचं दुकान त्यांचं. आठ वर्षं रदवा तिथंच शिकली, आणि गेल्या वर्षी तिनं हे स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा पहिलं शटर त्यांनीच वर केलं होतं.

"महिन्यात परत आलेलं हे तिसरं मशीन," उस्ताद हळूच म्हणाले. "हात बसला नाही गं अजून तुझा. हट्ट सोड पोरी. किल्ली दे मला, आणि ये परत. तुझं स्टूल कुणाला दिलेलं नाही मी."

ते मायेनं बोलत होते, हेच जास्त लागत होतं. सकाळी घरून निघतानाच रदवानं दुकानाची किल्ली जुडग्यातून काढून खिशात टाकली होती. आजचं हे चाललं नाही, तर किल्ली त्यांच्या हातात द्यायची, असं तिनं ठरवलंच होतं.

तिनं कार्ड काढून दुसऱ्या मशीनमध्ये लावलं. चारही डिस्क गुमान चालल्या. म्हणजे कार्ड चांगलं. वायर तपासली, तीही चांगली. राहिला पॉवर सप्लाय. लेबलवर सहाशे वॅट लिहिलेले, आणि स्क्रूवर कागदी सील. सीलवर हिरव्या शाईत उस्तादांची सही.

पॉवर सप्लाय ती त्यांच्याकडूनच घ्यायची, आणि त्यांनी शिकवलं तसाच घ्यायची. "लेबल काय, कुणीही छापतं. लेबल खोटं बोलेल, वजन खोटं बोलणार नाही; आत तांबं भरपूर असेल तरच डबा जड लागतो. हातावर तोलायचं." हाही तिनं तोलला होता. चांगला भरभक्कम लागला होता. आणि ज्यावर उस्तादाची सही, तो डबा शिष्यानं उघडायचा नाही, हा तर या बाजाराचा कायदाच. त्यांच्या खिशात हात घालण्यासारखं ते.

रदवानं प्लग काढला. पॉवर सप्लाय सोडवून काउंटरवर ठेवला.

उस्तादांचा हात तुरमुसाच्या पुडीतच थांबला. "ते कशाला? कार्डच बदल की. सही आहे माझी त्याच्यावर."

"दिसतेय, उस्ताद."

तिनं सील फाडलं. झाकण उघडलं. आत अर्धी जागा मोकळी होती. वायरी शिवायच्या दोऱ्याएवढ्या, तांब्याचं वेटोळं बोराएवढं. आणि तळाला गोंदानं चिकटवलेला, साबणाच्या वडीएवढा सिमेंटचा ठोकळा.

वजन!

रडू आलं नाही तिला. आधी लाज वाटली. तीन-तीन गिऱ्हाइकांसमोर तिनं आपल्याच हातांना शिव्या घातल्या होत्या. मग संताप आला. केसानं गळा कापला होता माणसानं, आणि वर तोच रोज येऊन गळ्यावरून हात फिरवत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हल्ली कंपन्याच अशा झाल्यात—"

"सही कंपनीची नाहीये, उस्ताद."

रस्त्यावरून एक हातगाडीवाला ओरडत गेला. उस्तादांनी पुडी नीट घडी घालून खिशात ठेवली.

"समोरासमोर दोन दुकानं कशी चालायची, सांग," ते म्हणाले. "तू गेलीस आणि गिऱ्हाईकही तुझ्यामागे आलं. दिवसभर मी त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसतो. मला वाटलं, चार मशीन परत आली की येशील तूही. तुझं वाईट नव्हतं करायचं मला."

स्क्रूड्रायव्हर घालून रदवानं ठोकळा उचकटला. मग खिशात हात घालून किल्ली बाहेर काढली.

किल्ली पाहून उस्ताद उठले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांनी हात पुढे केला.

रदवानं किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, आणि त्यांच्या तळहातावर सिमेंटचा ठोकळा ठेवला.

चाळीस वर्षांची सवय. उस्तादांच्या हातानं तो आपोआप दोनदा वरखाली तोलला.