शून्यावरची रेघ

पडद्यावर धाकटीच्या पीएचडीच्या विषयाची रेघ शून्यावर आडवी पडली होती. विभागप्रमुखांनी पेनाने ती दाखवली आणि म्हणाले, "बावीस वर्षांत अंध वाचकांवर एकही प्रबंध नाही. पुढच्या दहा वर्षांतही होणार नाही, असं यंत्र म्हणतंय. मग मुदतवाढ द्यायची कशाला?"

तिचा दादा मान खाली घालून बसला होता. ग्रंथालयशास्त्राचं संशोधन पुढे कुठल्या दिशेला जाईल, याचा हा अंदाज त्यानेच काढला होता. विद्यापीठात आलेला प्रत्येक प्रबंध बावीस वर्षं त्याच्याच हातून नोंदवला गेला होता. त्या नोंदींतले कीवर्ड, म्हणजे विषय सांगणारे शब्द, यंत्राला दिले की ते सांगायचं, कुठला विषय वर चाललाय आणि कुठला बुडालाय. बुडालेल्यांना मुदतवाढ नाही, असा नवा नियम. अंदाज समितीच्या पसंतीला उतरला की नवा कक्ष उघडणार होता आणि त्याचा प्रमुख दादा. त्या खुर्चीवर त्याचा कधीपासून डोळा होता.

धाकटी समोरच बसली होती. ग्रंथालयाकडून तुम्हाला नेमकं काय हवंय, हे विचारत ती सहा वर्षं अंध माणसांची घरं पालथी घालत फिरली होती. शेवटची दोन प्रकरणं तेवढी राहिली होती. लिहून झालेली समितीतल्या कुणी उघडूनही पाहिली नव्हती. दादानेही नाही. मुदतवाढ मिळाली नाही तर तिची सहा वर्षं पाण्यात जाणार होती.

आणि दादाला सकाळीच सगळं कळून चुकलं होतं. अगदी शून्य कसं, म्हणून तो जरा चरकला होता. तळघरात जाऊन त्याने कपाटं धुंडाळली. एक, दोन करता करता अंध वाचकांवरचे चांगले अकरा प्रबंध निघाले. त्याने त्यांच्या नोंदी काढून पाहिल्या. नोंदीच्या फॉर्मवर कीवर्डचे पाच रकाने असायचे. दादा प्रबंधावरचे पहिले तीनच भरायचा. ढीग उपसायचा असायचा, साहेबांना रोजचा आकडा हवा असायचा, चौथा-पाचवा शब्द कोण मरायला बघतंय? पण संशोधक कीवर्ड मोठ्याकडून बारक्याकडे लिहीत जातात. ग्रंथालय, सेवा, वाचक आणि मग अंध. त्याच्या कंटाळ्यापायी अकराही वेळा अंध माणसं नोंदीतून गळाली होती.

खरं सांगितलं तर धाकटी वाचत होती. पण मग बावीस वर्षांच्या नोंदी कुचकामी ठरत होत्या, अंदाज केराच्या टोपलीत जात होता आणि नवी खुर्ची तर सोडाच, आहे त्या नोकरीवरही गदा येत होती. त्याने प्रबंध होते तिथे ठेवले, हातांवरची धूळ झटकली आणि वर आला.

"बहीण तुमची आहे म्हणून विचारतो," विभागप्रमुख म्हणाले. "आकड्यांत काही चूक राहिली असेल तर आत्ताच सांगून टाका."

"काही चूक नाही, सर," दादा म्हणाला. "आकडे बरोबर आहेत."

समितीतल्या बाई भारावून गेल्या. "सख्ख्या बहिणीचीही भीड ठेवली नाही. अशी माणसं राहिलीत कुठे हो?"

दादाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. झालं नाही. त्याला चक्क बरं वाटलं.

विभागप्रमुखांनी धाकटीला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का. ती बराच वेळ दादाकडे बघत राहिली. मग नाही म्हणाली, आणि तिच्या अर्जावर नामंजूरचा शिक्का पडला.

बाहेर जिन्यापाशी दादाने तिला गाठलं. "मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तुझ्या विषयावर आजवर कुणी कामच केलेलं नाही. त्याला मी तरी काय करणार?"

"अकरा जणांनी केलंय," धाकटी म्हणाली. "माझ्या दुसऱ्या प्रकरणात सगळ्यांची यादी आहे. मी आत ती काढली असती तर तुझी नोकरी गेली असती, दादा. म्हटलं, तुझं तूच सांगशील."