सांगितलं तेवढंच

"दूध बघ," वृंदा नवऱ्याला म्हणाली.

"दूध बघतो," म्हणत शार्दूल उठला.

सिम्युलेटरमध्ये विमान चालवताना तो नियंत्रकाच्या सूचना विसरायचा, म्हणून प्रशिक्षण केंद्राने त्याच्या कानामागे चिप बसवली होती. आता कुणीही काही सांगितलं, की तोंड ते परत म्हणायचं आणि शरीर मुकाट्याने करायचं. "घरी सांगू नका," ही पहिलीच सूचना. "घरी सांगणार नाही," असं तो म्हणून बसला होता.

"नुसता पोपट झालायस!" वृंदा भडकली. "चालता हो इथून!"

"इथून चालता होतो." पाय दाराबाहेर पडले.

ती जिन्यापर्यंत धावली. "रागात बोलले रे! माफ कर मला!"

"तुला माफ करतो," म्हणत तो पायऱ्या उतरत राहिला. नुसतं ‘थांब’ म्हण, हे तिला सांगायची त्याला सोय नव्हती.