नव्या तोंडाची गाडी

छोट्या गाडीवर आता फक्त नंबर टाकायचा राहिला होता. माऊली ओट्यावर मांडी घालून बसला आणि सुईचं टोक काळ्या रंगात बुडवलं.

ही तळहाताएवढी लोखंडी गाडी जुन्या गाडीबरोबर शोरूमवाल्यांनी भेट दिलेली. जुनी विकली, तिचंच नवं मॉडेल अंगणात आलं, आणि डॅशबोर्डवरच्या छोटीला मात्र जुनंच तोंड. माऊली कंपनीत क्वालिटीला होता. केसभर फरक असलेला माल परत पाठवायचा त्याला पगार मिळत होता. त्याला हे बघवेना.

मग गोल दिवे कानशीनं घासले गेले. त्यांच्या जागी गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी बसली. बंपर एम-सीलचा. रंग बायकोच्या, सारिकाच्या, दोन नेलपॉलिश एकत्र करून. त्या रंगाला शोरूममध्ये मोठं इंग्रजी नाव होतं, घरात त्याला शेवाळी म्हणत. पुढची जाळी चहाच्या गाळणीतून कापली होती.

"जाळी झ्याक बसली," माऊलीचे वडील तात्याबा म्हणाले होते आणि चहातली पत्ती थुंकली होती.

अंगणात सारिका खऱ्या गाडीवर रिव्हर्स शिकत होती. एसटीची वाट न बघता स्वतः गाडी घेऊन शिरूरच्या बाजाराला जायचं, एवढंच तिला हवं होतं. माऊलीची अट एकच. गाडीवर रेघ उठली की चावी परत.

मागं तात्याबा उभे. तरुणपणी मेंढरं वळवलेला माणूस. गाडी वळवणं त्यांना काही वेगळं वाटत नव्हतं.

"येऊ दे पोरी, येऊ दे. लई जागा हाय. येऊ दे."

कर्रर्र असा आवाज झाला.

"बास," तात्याबा म्हणाले.

कांद्याच्या चाळीचा लोखंडी अँगल होता तिथंच होता. गाडीच्या डाव्या अंगाला मागच्या चाकापासून दारापर्यंत लांब रेघ उठली होती. सारिका उतरली, वाकून बघितलं.

"मामा, तुम्ही येऊ दे म्हणत व्हता."

"मग? आलीच की."

सारिकानं ओट्यावर चावी ठेवली. "घ्या. ठरलं व्हतं."

माऊली उठला. गाडीजवळ गेला. रेघेवरून बोट फिरवलं, एक डोळा मिटून इकडून बघितलं, तिकडून बघितलं. कंपनीत माल परत पाठवायच्या आधी तो असाच बघत असे. सारिका मनातल्या मनात पहिली एसटी किती वाजता असते ते आठवू लागली.

माऊली ओट्यावर परत आला. सुई पुसली. छोटी गाडी उचलली आणि दातात जीभ धरून तिच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकापासून दारापर्यंत, एक रेघ ओढली. मग ती नेऊन खऱ्या गाडीशेजारी धरली.

सारिकानं दोन्हीकडं नीट बघितलं.

"थोडी खाली पायजे व्हती."

"माझी बरोबर हाय," माऊली म्हणाला. "तुझी वर गेलीय."

सारिकाला हसू आवरेना. मग त्यालाही आवरेना.

त्यानं राहिलेला नंबर टाकला आणि छोटी गाडी डॅशबोर्डवर चिकटवली. सुई मात्र टाकली नाही. कागदपत्रांच्या खणात जपून ठेवली. ओट्यावरची चावी आणून सारिकाच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावला.

तात्याबा कधीच चाळीपाशी जाऊन उभे राहिले होते. त्यांचा हात वर होता.

"येऊ दे."